चारित्र्याचा दाखला कोणी कोणाकडे मागावा?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अहमदपूर, मुखेड किंवा देगलूर तालुक्यातील एखादा तरुण पुण्याच्या किंवा चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरावयास निघतो, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर त्याच्याकडे आणखी एक कागद मागितला जातो. तो म्हणजे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. खासगी सुरक्षा अभिकरणांविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने पहारेकऱ्याच्या पूर्वचारित्र्याची खातरजमा बंधनकारक केली आहे. पोलीस भरती, शासकीय सेवा आणि पारपत्र यांसाठी तर ती पूर्वीपासूनच होते. अलीकडे गाडीचालक, घरोघर माल पोचविणारे आणि घरकामगार यांच्याकडूनही दाखला मागण्याची प्रथा पडली आहे. ज्याच्या घरी जमीन आहे, दुकान आहे, त्याला हा कागद आयुष्यात कधी लागतोच असे नाही. ज्याला दुसऱ्याच्या दारात श्रम विकायचे आहेत त्याला मात्र तो लागतो. तेव्हा या विषयाकडे पोलीस खात्याची एक कारकुनी बाब म्हणून न पाहता श्रमाच्या बाजारातील एक प्रश्न म्हणून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम ही माहिती असते कोठे, ते पाहू. एका जिल्ह्यात माणसाच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची किमान पाच दप्तरे असतात. पहिले पोलीस ठाण्याचे. तेथे प्रथम खबरी नोंदल्या जातात, आणि ज्यांच्यावर पोलिसांची नजर असते त्यांची 'हिस्ट्रीशीट' उघडली जाते. दुसरे दप्तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाचे. चारित्र्याचा दाखला येथून निघतो. तिसरे दप्तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचे. हद्दपारीची प्रकरणे येथे चालतात. ज्यांना आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात ती प्रतिबंधक प्रकरणेही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या याच शाखेत मोडतात. चौथे दप्तर न्यायालयाचे. निकालाची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून मिळते, आणि आता तालुका न्यायालयापर्यंतच्या खटल्यांची स्थिती संगणकावरही कोणालाही पाहता येते. पाचवे दप्तर निवडणूक अधिकाऱ्यांचे, म्हणजे उमेदवारांच्या शपथपत्रांचे.

या पाच दप्तरांत खरोखर 'गुन्हेगार' कोण हे सांगण्याचा अधिकार फक्त न्यायालयाच्या दप्तराला आहे. प्रथम खबर हा केवळ आरोप होय. दोषारोपपत्र हे पोलिसांचे मत होय. चॅप्टर केसमध्ये तर गुन्हा घडलेलाच नसतो. सण आला, मिरवणूक निघाली, निवडणूक जाहीर झाली की शांतताभंगाच्या शक्यतेवरून बंधपत्र लिहून घेतले जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ आणि ११० खाली हे चालत असे. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमे १२६ आणि १२९ झाली आहेत. क्रमांक बदलले, वहिवाट तीच राहिली. असे असूनही मालकाच्या टेबलावर दाखला पोचतो तेव्हा आरोप, संशय, बंधपत्र आणि शिक्षा यांच्यातील अंतर पुसले जाते. 'नोंद आहे' एवढेच उरते. देशातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाचेच आकडे आहेत. दोष सिद्ध होण्यापूर्वी ज्या व्यवस्थेत एवढी माणसे कोंडली जातात, त्या व्यवस्थेत आरोपाच्या नोंदीला शिक्षेच्या नोंदीचे वजन देणे हा उघड अन्याय आहे.

निर्दोष सुटल्यानेही प्रश्न मिटत नाही. नांदेडमधून २०१२ साली दहशतवादाच्या आरोपाखाली पकडलेल्या तरुणांपैकी दोघांची मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये पुराव्याअभावी मुक्तता केली. नऊ वर्षे गेली होती. त्या नऊ वर्षांचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. अटकेची बातमी आणि खटल्याचा क्रमांक मात्र कायम आहेत. शिवाय निर्दोष सुटण्यातही दोन जाती पाडण्यात आल्या आहेत. २०१३ मध्ये मेहरसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, संशयाचा फायदा मिळून किंवा तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दलात घेण्यास निवड समिती नकार देऊ शकते. सुटका 'सन्मानपूर्वक' असली पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात याला काही आधार असेल. परंतु ग्रामीण भागात भाऊबंदकीची, बांधाची, पाण्याच्या पाळीची भांडणे शेवटी गावकऱ्यांच्या मध्यस्थीने मिटतात, साक्षीदार उलटतात आणि खटला संपतो. ज्या समाजात भांडण तडजोडीने मिटविणे हे शहाणपण समजले जाते, त्या समाजातील मुलाला त्याच शहाणपणाबद्दल नोकरी नाकारली जाते.

याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली आहे, आणि ती कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०११ च्या संदीपकुमार प्रकरणात तरुणपणीच्या चुकीबद्दल माणसाला जन्मभर गुन्हेगार ठरवू नये असे न्यायमूर्तींनी म्हटले, आणि त्यासाठी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील पाव चोरणाऱ्या जाँ वालजाँचा दाखला दिला. पुढे २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम घालून दिले. तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ बाबीची माहिती उमेदवाराने दिली नाही, तरी नियुक्ती करणाऱ्याला ते दुर्लक्षिता येते. खटला दडविला असेल तरी सर्व परिस्थिती पाहून विवेकाने निर्णय घ्यावयाचा आहे. तथापि हा विवेक नियुक्ती करणाऱ्याच्या हाती आहे. उमेदवाराच्या हाती हक्क म्हणून काहीही नाही.

घोषणा देण्याचा उल्लेख आला म्हणून मराठवाड्याचा थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. १९३८ चा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, १९४७-४८ चा मुक्तिसंग्राम, नामांतराचा लढा, दुष्काळातील मोर्चे आणि अलीकडची आरक्षणाची आंदोलने या प्रत्येक वेळी या मुलखातील माणसांची नावे पोलिसांच्या दप्तरात चढली. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर १९४८ च्या प्रारंभी मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी धाड घातली. निजामाच्या दप्तरी तो दरोडा होता. आज तो मुक्तिसंग्रामातील पराक्रम म्हणून सांगितला जातो. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा ज्या कारावासाच्या नोंदीने एकेकाळी माणूस नोकरीला मुकत असे तीच नोंद पुरावा म्हणून मागितली जाऊ लागली. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मानधन दिले, २०२० मध्ये ते थांबविले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. कागद तोच असतो. त्याचा अर्थ सत्तेवर कोण आहे यावरून ठरतो.

परंतु ज्यांच्या कागदाचा अर्थ कोणत्याही राजवटीत बदलला नाही असेही लोक याच मातीत आहेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ आणि १९२४ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. हजेरी, परवाना आणि रात्रीची झडती हा या लोकांचा दिनक्रम झाला. अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणूनच त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. मात्र एका हाताने जमातीवरचा शिक्का काढताना दुसऱ्या हाताने सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. यादी जमातीची होती, ती व्यक्तींची झाली. नावे पुष्कळशी तीच राहिली. पोलिसांच्या सवयी कायदा रद्द झाल्याने रद्द होत नाहीत. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' मध्ये हे जगणे लिहिले. त्या पुस्तकास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचा गौरव झाला, पण गावाबाहेरच्या पालावर पहाटे येणारी पोलीस गाडी त्यामुळे थांबली असे कोणी म्हणणार नाही.

२०२४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे. तो जनतेपुढे मांडण्यासाठी नाही, आणि सामाजिकदृष्ट्या मागास व विमुक्त समाजातील माणसांची नावे त्यात यांत्रिकपणे घालता कामा नयेत. न्यायालयाने ही बाब सर्व राज्यांपुरती विस्तारली. ऑक्टोबरमध्ये सुकन्या शांता प्रकरणात तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. 'सराईत गुन्हेगार' या शब्दाआडून विमुक्तांना वेगळी वागणूक देण्याच्या प्रथेवरही त्या निकालात कठोर टीका आहे. हे निकाल दिल्लीत झाले. ते नांदेड वा लातूरच्या एखाद्या ठाण्याच्या कपाटापर्यंत पोचले की नाही, हे कपाट उघडल्याखेरीज कळणार नाही; आणि ते उघडण्यास भाग पाडणे हे संघटनेचे काम आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. ज्यांच्या हाती सत्ता सोपवायची त्यांचा पूर्वेतिहास मतदारांना कळला पाहिजे हे तत्त्व २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी प्रस्थापित केले. राजकीय पक्षांनी त्यास विरोध केला होता, हे विसरू नये. उमेदवाराने शपथपत्रात प्रलंबित खटले व शिक्षा लिहावयाच्या असतात. २०१८ च्या निकालाप्रमाणे ही माहिती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी लागते. २०२० च्या आदेशाने असा उमेदवार का निवडला याची कारणेही पक्षाने द्यावयाची आहेत, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. परिणाम काय झाला? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने शपथपत्रांवरून मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ विजयी उमेदवारांवर खटले होते, म्हणजे ४६ टक्के. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभेत तपासलेल्या २८६ पैकी १८७, म्हणजे ६५ टक्के. यांतील काही खटले रास्ता रोको आणि मोर्चाचे असतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शपथपत्र वाचताना कलम पाहावे, नुसती संख्या मोजू नये. पण गंभीर गुन्ह्यांचे खटले असणाऱ्यांची संख्या लोकसभेत १७० आणि विधानसभेत ११८ होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला एक प्रलंबित खटला बाद करतो. आमदाराला तो बाद करीत नाही. कायद्याच्या दृष्टीने आमदाराचे म्हणणे बरोबरच आहे की दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. मग तेच तत्त्व पहारेकऱ्याला का लागू होऊ नये, एवढाच प्रश्न आहे.

येथे एक सोपे उत्तर पुढे येते: सामान्य माणसाच्या नोंदी बंद करून टाका, म्हणजे भेदभाव संपेल. अर्थशास्त्राच्या अनुभवावरून हे उत्तर अपुरे ठरते. अमेरिकेत जिल्ह्याच्या, म्हणजे तेथील काउंटीच्या, न्यायालयातील नोंदी सर्वांना खुल्या असतात आणि त्या गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखीच पात्रता असलेले तरुण त्यांनी नोकऱ्या मागण्यास पाठविले. गोऱ्या अर्जदारांपैकी नोंद नसलेल्या ३४ टक्क्यांना व नोंद असलेल्या १७ टक्क्यांना पुढचे बोलावणे आले; काळ्यांपैकी नोंद नसलेल्या १४ टक्क्यांना व नोंद असलेल्या ५ टक्क्यांना. गोरा शिक्षा झालेला माणूस निष्कलंक काळ्या माणसाच्या पुढे होता. यानंतर अनेक राज्यांनी अर्जात गुन्ह्याविषयीचा प्रश्न विचारण्यास बंदी केली. अमांडा अगान आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरात सुमारे १५,००० काल्पनिक अर्ज पाठवून त्या बंदीचा परिणाम तपासला. बंदीपूर्वी गोऱ्यांना काळ्यांपेक्षा ७ टक्के अधिक बोलावणी येत होती. बंदीनंतर हे अंतर ४३ टक्के झाले. नोंद दिसेनाशी होताच मालकांनी कातडीच्या रंगावरून अंदाज बांधण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे कातडीच्या रंगाचे काम आडनाव करते. पवार, काळे, भोसले ही आडनावे मराठा घरात जशी असतात तशीच पारध्याच्या पालावरही असतात, पण गावाचे नाव आणि वस्ती विचारली की मालकाला हवे ते कळते. ज्या पारधी तरुणावर एकही खटला नाही, त्याला कोरा दाखला हाच एकमेव आधार असतो. तो दाखलाच नाहीसा केला तर संशय संपूर्ण जमातीवर जाऊन बसेल. तेव्हा मागणी दाखला रद्द करण्याची नको. दाखल्यात काय लिहावे, किती जुने लिहावे आणि कोणाला वाचू द्यावे, हे कायद्याने ठरविण्याची मागणी असावी.

जगात याची उदाहरणे आहेत. ब्रिटनने १९७४ मध्ये गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा कायदा करून ठरावीक मुदतीनंतर अनेक शिक्षा 'सरलेल्या' मानल्या. ज्या अमेरिकेत नोंदींचा व्यापार चालतो, तेथेही १९७० च्या कायद्याने, सर्वसाधारणपणे, सात वर्षांपलीकडच्या नुसत्या अटकेची माहिती विकण्यास अटकाव केला आहे. भारतातही बीजे आहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे अपात्रता चिकटू नये; २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ ने बहुतेक प्रकरणी मुलांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद केली आहे. प्रौढ माणसाच्या, विशेषतः निर्दोष सुटलेल्याच्या, नोंदीचे काय याला मात्र आपल्याकडे कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये कायद्याअभावी निर्दोष व्यक्तीचे नाव निकालातून काढण्यास नकार दिला. २०२४ मध्ये खंडपीठाने ते काढण्यास सांगितले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. संसदेने करावयाचे काम न्यायालयाच्या पायरीवर पडून आहे.

उलट दिशेने मात्र संसदेने तत्परता दाखविली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले. त्या उपकलमातील व्यापक जनहिताची तरतूद गेली. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आता दुसऱ्या कलमातून शोधावी लागते. गरिबाची खासगी बाब राखण्यासाठी जो ढाल म्हणून मागावा असा कायदा, तो अधिकाऱ्याच्या व ठेकेदाराच्या दप्तरावरचे कुलूप ठरण्याचा धोका आहे.

तेव्हा कार्यक्रम काय असावा? राज्यपातळीवर चार मागण्या मांडता येतील. चारित्र्याच्या दाखल्यात न्यायालयाने सिद्ध केलेला दोष आणि प्रलंबित आरोप यांची स्वतंत्र नोंद असावी. चॅप्टर केस त्यात येऊ नये. किरकोळ शिक्षा व आंदोलनाचे खटले ठरावीक वर्षांनंतर दाखल्यातून गळावेत. प्रतिकूल दाखला देण्यापूर्वी अर्जदारास कारण कळवून त्याचे म्हणणे ऐकावे, आणि त्यावर अपिलाची सोय असावी. २०२४ च्या निकालास अनुसरून प्रत्येक जिल्ह्याच्या हिस्ट्रीशीटची तपासणी व्हावी.

जिल्ह्यात करण्याजोगी कामे याहून साधी आहेत आणि त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाने निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ती ठाण्यात व अधीक्षक कार्यालयात पोच घेऊन द्यावी. पुष्कळदा दप्तरात खटला दाखल झाल्याची नोंद असते आणि तो संपल्याची नसते. २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर आली पाहिजे. ती येते का, हे तालुक्याच्या कार्यकर्त्याने पाहावे. न्यायालयाच्या संगणकावर नावाने शोध घेता येतो, पण तेथे शेख, राठोड, गायकवाड या नावांची डझनावारी माणसे एकाच तालुक्यात सापडतात. दुसऱ्याचा खटला आपल्या नावावर चिकटल्याने नोकरी अडली असेल, तर त्या तरुणासोबत कार्यालयात जाणारा एक माणूस तालुक्याच्या ठिकाणी असावा. आणि निवडणूक आली की आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांची, आपल्या पक्षाच्या उमेदवाराचीही, शपथपत्रे चावडीवर मोठ्याने वाचावीत. कलमाचा अर्थ सांगावा, मत मतदाराला बनवू द्यावे.

लोकशाहीत माहितीचा ओघ खालून वर पाहणारा असावा लागतो. सत्ताधाऱ्याचे दप्तर नागरिकाला उघडे आणि नागरिकाचे दप्तर कायद्याच्या मर्यादेत असावे, ही त्याची रीत. सध्या ती उलटी झाली आहे. फाटकावर उभ्या असलेल्या मुलाने कागद दाखवून आपण निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करावयाचे आणि फाटकातून गाडीने आत जाणाऱ्याला कोणी काही विचारावयाचे नाही, हा क्रम बदलण्यासाठी मोठ्या क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. नक्कल विभागाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहण्याची तयारी असलेले प्रत्येक तालुक्यात पाच कार्यकर्ते मिळाले, तरी आरंभ होऊ शकतो.